उंचीचं राहू द्या, धावायची तयारी ठेवा

पत्र: "माझं वय ५२. पुढच्या महिन्यात आम्ही डोंगराळ भागात फिरायला जातोय आणि मुलीने माझ्यासाठी तिथे हँग ग्लायडिंगची टँडेम फ्लाइट, म्हणजे पायलटबरोबर जोडीने उडणं, ठरवून टाकलीय. हौस मला लहानपणापासून आहे. घार दिसली की मान वर करून बघत बसते. पण तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी उभी राहिले तरी पोटात गोळा येतो. नवऱ्याचं म्हणणं, 'या वयात हातपाय मोडून घ्यायचेत का?' मुलगी म्हणते, 'आई, तुला काहीच करायचं नाहीये, नुसतं लटकायचं.' गुडघा अधूनमधून कुरकुरतो, तेही सांगून ठेवते. त्यापेक्षा पॅराग्लायडिंग बरं का? ऐनवेळी पाय मागे आला तर? आणि आवडलंच, तर या वयात एकटीने उडायला शिकता येईल का?" – हौशी पण घाबरट

हौशी ताई,

जा, हेच माझं उत्तर. पण तुमच्या घरातल्या दोघांचं म्हणणं आधी दुरुस्त करून घेऊ, कारण दोघंही अर्धं बरोबर आणि अर्धं चूक बोलतायत.

मुलगी म्हणते नुसतं लटकायचं. हवेत गेल्यावर ते खरं आहे. त्याआधी मात्र उतारावरून दहा-पंधरा पावलं जीव खाऊन धावायचं असतं, आणि ते तुमच्या वतीने दुसरं कुणी धावत नाही. नवरा हातपाय मोडायची भीती घालतो. ती भीती खोटी नाही, फक्त ती चुकीच्या जागी आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर तुम्ही दरीच्या मधोमध, खाली काहीच नाही, अशा टांगलेल्या असाल. तिथे तुम्ही सगळ्यात सुरक्षित असता. या खेळात इजा होते ती बहुतेक वेळा जमिनीजवळ, टेक-ऑफला किंवा लँडिंगला. उंची म्हणजे वेळ. काही बिघडलं तर पायलटला सावरायला वेळ मिळतो आणि अगदीच वेळ आली तर हार्नेसमधलं, म्हणजे अंगावर बांधलेल्या पट्ट्यांच्या साजातलं, राखीव पॅराशूट उघडायला जागा मिळते. जमिनीपासून दहा मीटरवर यातलं काहीच हाताशी नसतं. तेव्हा आकाशाची चिंता पायलटवर सोडा आणि तुमची सगळी काळजी पहिल्या नि शेवटच्या अर्ध्या मिनिटावर खर्च करा.

आता कठड्याचं. उंचीची भीती आणि उडण्याची भीती एकच असते असं नाही. कठड्याशी उभं असताना पाय जमिनीवर असतात, समोर कड असते, आणि भिंतीवरून नजर सरळ खाली घसरत जाते. खोली मोजायला डोळ्यांना आधार मिळतो. हवेत ना कड असते ना भिंत. खालची झाडं, रस्ते, नदी नकाशासारखे सपाट दिसायला लागतात. शिडीवर चढायचं म्हटलं की टाळाटाळ करणारे पण ग्लायडरवर निवांत असणारे पायलट मी पाहिलेत. प्रत्येकाचं असंच होईल याची हमी मी देणार नाही. पण सगळ्यात कठीण क्षण कुठला ते सांगून ठेवते: हार्नेस घालून टेक-ऑफच्या जागी उभं असतानाचा, धावायच्या आधीचा. तेव्हा नजर पायांपुढच्या कडेवर टाकू नका. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर ठेवा आणि तिथेच राहू द्या.

हे यंत्र चालतं कसं, तेवढं समजून घ्या, म्हणजे तुमच्याकडून काय अपेक्षित आहे ते कळेल. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणून बसवलेलं त्रिकोणी कापड म्हणजे पंख. त्याच्या मध्याजवळून एका पट्ट्याने माणूस टांगलेला, पोटावर आडवा. समोर त्रिकोणी चौकट, तिचा खालचा आडवा दांडा हातात. इंजिन नाही, सुकाणू नाही. दांडा स्वतःकडे ओढला की शरीर पुढे सरकतं, नाक खाली जातं, वेग वाढतो. दांडा लांब ढकलला की वेग कमी. शरीर डावीकडे नेलं की पंख डावीकडे वळतो. म्हणजे माणसाचं वजन हेच स्टिअरिंग.

ही साधी युक्ती सापडायला बराच काळ गेला. जर्मनीच्या ओटो लिलिएन्थालने १८९१ ते १८९६ या वर्षांत टेकड्यांवरून सुमारे दोन हजार उड्डाणं केली, पण तो हातांच्या आधाराने पंखात अडकलेला असायचा आणि तोल सांभाळायला त्याच्याकडे जवळजवळ फक्त कमरेखालचं शरीर होतं. ऑगस्ट १८९६ मध्ये त्याचा ग्लायडर हवेत थबकला, नाक खाली गेलं आणि ते सावरता आलं नाही. पडला तो सुमारे १५ मीटरवरून, आणि दुसऱ्या दिवशी गेला. पुढे अमेरिकेत फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो या नवरा-बायकोने १९४८ मध्ये लवचिक पंखाची रचना केली आणि १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन डिकेन्सनने तशा पंखाखाली माणसाला पट्ट्याने टांगून समोर त्रिकोणी चौकट दिली. सगळं शरीर मोकळं झालं, तोल हाती आला. आजचे बहुतेक हँग ग्लायडर याच मांडणीचे आहेत.

यातून तुमच्यासाठी निघतं ते हे: टँडेममध्ये तुमचं वजनही त्या स्टिअरिंगचा भाग असतं. पायलट डावीकडे सरकला की तुम्हीही त्याच्याबरोबर सरकायचं, अंग ताठ करून विरोध करायचा नाही. आणि दचकून दांडा किंवा तारा धरायच्या नाहीत. नवखी माणसं घाबरली की हाताला लागेल ते घट्ट पकडतात, आणि हाताला नेमका दांडाच लागतो. पायलट तुम्हाला त्याच्या हार्नेसवरची पकड किंवा खांद्याचा पट्टा दाखवेल, हात तिथे. जमिनीवरच दोन-तीनदा डोळे मिटून ती पकड शोधून बघा.

पॅराग्लायडिंग बरं का, या प्रश्नाचं खरं उत्तर तुमच्या गुडघ्यापाशी आहे. पॅराग्लायडरला सांगाडा नसतो, सगळा पंख कापडाचा. त्यात तुम्ही खुर्चीत बसल्यासारख्या बसता, वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटरच्या आसपास, धावायचं कमी आणि उतरणं हळू. निवांत बसून डोंगर बघायचे असतील तर ते सोपं. हँग ग्लायडरचा सांगाडा टणक असल्यामुळे खवळलेल्या हवेत तो पॅराग्लायडरच्या कापडासारखा मिटत नाही, पण तो वेगाने उडतो आणि वेगानेच जमिनीकडे येतो. घारीसारखं पोटावर आडवं होऊन, तोंड पुढे करून उडायचं असेल, तर मात्र त्याला पर्याय नाही. तुमच्या पत्रात घार आली आहे, म्हणून माझं मत हँग ग्लायडरला.

गुडघ्याची परीक्षा घरीच घ्या. एखाद्या मोकळ्या उतारावर बूट घालून वीस पावलं जोरात धावा, रोज नाही, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला नाही, दुखला नाही, तर टेक-ऑफपुरतं भागेल. दुखला तर हट्ट करू नका. काही ठिकाणी छोट्या विमानामागे दोराने ओढत ग्लायडर वर नेतात, त्यात चाकांवरून सुटता येतं आणि धावावं लागत नाही. त्याला एरोटो म्हणतात. साधारण सहाशे मीटर उंचीवर दोर सोडतात. मुलीला तिथे अशी सोय आहे का ते विचारायला लावा. हृदयविकार, फिट येण्याचा त्रास, निखळलेला खांदा, अलीकडचं हाड मोडणं यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. वजन खरं सांगा, पाच किलो कमी करून नाही. पायलट त्यावरून पंखाचा आकार निवडतो आणि किती वाऱ्यात निघायचं ते ठरवतो. आणि सर्दीने कान बंद असतील तर त्या दिवशी जाऊ नका, खाली उतरताना कान फार दुखतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी ठरवताना लोक हमखास विसरतात. ही फ्लाइट सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे हवा बिघडली तर पुढे ढकलायला दिवस शिल्लक राहतात. शेवटच्या दिवशी ठेवली की तुमच्यावर, मुलीवर आणि थोडासा पायलटवरही "आता आलोच आहोत तर" असा दबाव येतो, आणि डोंगरात त्या दबावाखाली घेतलेला निर्णय वाईटच असतो.

डोंगरातली हवा घड्याळ पाळते. सकाळी ती बहुधा शांत असते. ऊन चढलं की उन्हाकडचे उतार तापतात, त्यांच्या अंगावरची हवा वर चढायला लागते, गरम हवेचे स्तंभ उठतात. त्यांना थर्मल म्हणतात आणि अनुभवी पायलट त्यांच्याच जिवावर तासन्‌तास वर राहतात. त्यांची चैन ती तुमची उलटी, कारण थर्मलच्या आत-बाहेर जाताना ग्लायडर चांगलाच हिंदकळतो. दुपारी दरीतून वर येणारा वाराही जोर धरतो. संध्याकाळकडे पुन्हा हवा मऊ होते. पहिल्या वेळेसाठी सकाळ मागून घ्या, नाहीतर संध्याकाळ. भर दुपारची वेळ देत असतील तर कारण विचारा.

ग्लायडर नेहमी वाऱ्याकडे तोंड करून सुटतो. टेक-ऑफच्या जागी काठीला बांधलेली कापडी पट्टी किंवा विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, असते. वारा दरीतून तुमच्या तोंडावर येत असेल तर ठीक. पाठीमागून येत असेल तर थांबायचं. डोंगराची मागची बाजू आडोशाची म्हणून सुरक्षित वाटते, पण माथा ओलांडून आलेला वारा तिथेच भोवरे करतो. माथ्यावर मसुराच्या आकाराचे गुळगुळीत ढग एकाच जागी ठाण मांडून बसलेले दिसले तर वरती जोराचा वारा आहे असं समजा. हे तुम्हाला पायलटला शिकवण्यासाठी सांगत नाहीये. तो म्हणाला, "आज नको, ताई," तर आकाश निळंशार असतानाही तो बरोबर असू शकतो, एवढं पटावं म्हणून सांगतेय.

पायलट निवडताना त्याच्याकडे टँडेमचा परवाना आहे का ते बघा. एकट्याने उडण्याचा परवाना वेगळा आणि प्रवासी घेऊन उडण्याचा वेगळा. अमेरिकेची हँग ग्लायडिंग संघटना तर टँडेमचे टप्पेही वेगळे ठेवते. राखीव पॅराशूट आहे का, हेल्मेट तुमच्या मापाचं आहे का, हे विचारायला लाजू नका. माझा आवडता प्रश्न मात्र वेगळाच आहे: "शेवटचं उड्डाण हवेमुळे कधी रद्द केलंत?" जो लगेच तारीख-वार आणि कारण सांगतो त्याच्याबरोबर मी जाईन. "आम्ही कधीच रद्द करत नाही" असं अभिमानाने सांगणाऱ्याला नमस्कार करून खाली यायचं. तुमच्या प्रवासविम्यात हा खेळ धरलाय का तेही पाहा. पुष्कळ पॉलिसींत तो वगळलेला असतो, आणि ते अगदी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

मग येते हँग चेक, म्हणजे सुटण्याआधी लटकून करायची तपासणी, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पहिल्यांदाच टँडेमला गेलेल्या एका पर्यटकाचा हार्नेस ग्लायडरला अडकवायचाच राहिला. टेक-ऑफनंतर तो दोन मिनिटांहून जास्त वेळ नुसत्या हातांनी लटकत होता. पायलट एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने ग्लायडर खाली आणत होता. माणूस वाचला, मनगट मोडलं आणि दंडाचा स्नायू फाटला. पंख उत्तम होता, हवा चांगली होती. राहिली होती एक कडी.

म्हणून टेक-ऑफच्या आधी हे तुमच्या डोळ्यांदेखत झालंच पाहिजे. ग्लायडर कुणीतरी नाकाशी धरून ठेवतं. तुम्ही दोघंही हार्नेसमध्ये पुढे झुकून पूर्ण वजन टाकता, पाय उचलता आणि जमिनीपासून थोडं वर तरंगता. पट्टा ताणला जातो, कापड कुरकुरतं, आणि तुमचं पोट दांड्याच्या वर नेमकं किती अंतरावर येतं ते पायलट बघतो. मान मागे वळवून वर पाहा: तुमच्या पट्ट्याची कडी, म्हणजे कॅराबिनर, ग्लायडरच्या पट्ट्यात अडकलेली आणि तिचं कुलूप लागलेलं दिसलं पाहिजे. पायांचे पट्टे हाताने चाचपा. दोन्ही. हे सगळं होऊन नंतर वाऱ्यासाठी थांबावं लागलं, मध्ये कुणी पाणी प्यायला हार्नेस सोडला, तर पुन्हा पहिल्यापासून. "मगाशी केलं होतं" चालत नाही. पायलट घाईत असेल आणि हँग चेक विसरला, तर "एकदा लटकून बघू या" हे तुम्ही म्हणायचं. चांगल्या पायलटला राग येणार नाही.

आता ती दहा-पंधरा पावलं. भरलेली हातगाडी ढकलताना आपण जसे छातीने पुढे झुकतो तसं हार्नेसमध्ये झुकायचं. पायलट आधी चालतो, मग पळतो, मग जोरात पळतो. तुम्ही त्याच्या लयीत. पहिल्या काही पावलांत पंख खांद्यावर जड वाटतो, मग हलका होतो, मग उलट तोच तुम्हाला वर ओढायला लागतो. नवखी माणसं इथेच घोटाळा करतात. पट्टा ओढतोय असं जाणवलं की धावणं थांबवतात, उडी मारतात किंवा खाली बसतात. पाय हवेत गेले तरी धावत राहायचं. अक्षरशः हवेत पावलं टाकायची, पायलट "बास" म्हणेपर्यंत. बघणारे हसतील, हसू द्या.

त्यामुळे ऐनवेळी पाय मागे आला तर काय, याचं उत्तर दोन भागांत आहे. पहिलं पाऊल पडायच्या आधी तुम्ही कधीही नाही म्हणू शकता, अगदी हेल्मेटचा पट्टा लागल्यावरही, आणि त्यासाठी कुणाला कारण द्यायची गरज नाही. मुलीला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती वरून "आई, प्लीज" करत बसणार नाही. पण धावायला लागल्यावर विचार बदलायचा नाही. अर्धवट धावणं हे न धावण्यापेक्षा आणि पूर्ण धावण्यापेक्षाही वाईट.

हवेत किती वेळ मिळेल? अपेक्षा माफक ठेवा. शांत हवेत ग्लायडर साधारण सेकंदाला एक मीटर खाली येतो. ब्राझीलमध्ये रिओ शहरात पेद्रा बोनिता नावाच्या कड्यावरून समुद्रकिनाऱ्यावर उतरणारी टँडेम उड्डाणं जगभर प्रसिद्ध आहेत. तो रॅम्प सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे हवेने उचललं नाही तर आठ-दहा मिनिटांचा खेळ. तुमच्या ठिकाणच्या टेक-ऑफ आणि लँडिंगच्या उंचीतला फरक विचारा आणि स्वतःच भागाकार करा. तेवढ्यात फोटोच्या मागे लागू नका. कॅमेरा पायलटच्या पंखावर बसवलेला असतो, तुमचा फोन जमिनीवर ठेवा. वरून निसटला तर खालच्या माणसाच्या डोक्यात जाईल. पहिलं मिनिट श्वास घेण्यात जातं. मग वारा तारांतून वाजतोय हे ऐकू येतं, आपली सावली झाडांच्या शेंड्यांवरून सरकताना दिसते आणि हात आपोआप सैल पडतात.

थंडी जाणवेल. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं आणि त्यात तोंडावर वारा. घोटा झाकणारे बूट, हातमोजे, अंगाला बसणारं जाकीट. ओढणी-स्कार्फ नको, केस बांधलेले, चष्म्याला दोरी. पोट अगदी रिकामं नको नि भरलेलंही नको. मळमळलं तर खाली न बघता दूर क्षितिजाकडे बघा आणि पायलटला लगेच सांगा. तो गोल फिरायचं थांबवून सरळ खाली आणेल.

लँडिंग कसं होणार ते वर असतानाच पक्कं करून घ्या, कारण प्रकार दोन आहेत. चाकांवर उतरणार असाल तर पाय वर, मागे, आणि हात पायलटवर; जमीन जवळ आली की पाय खाली टेकवायचा मोह होतो, तो आवरायचा. पायांवर उतरणार असाल तर शेवटच्या क्षणी पायलट दांडा वर ढकलून वेग मारतो आणि दोघांनी चार पावलं धावायची. कुठला प्रकार, हे माहीत नसताना जमीन गाठू नका.

शिकायचं म्हणाल, तर वयाचं कुणी विचारत नाही. खरा अडसर वेगळाच: ग्लायडरचं वजन २५ ते ३० किलो, आणि सुरुवातीला तो उचलून छोटा उतार पुन्हा पुन्हा चढावा लागतो. पहिले धडे डोंगरावर नसतात, बुटक्या गवताळ टेकडीवर किंवा वाळूच्या उंचवट्यावर असतात, जिथे पाय जमिनीपासून जेमतेम वर जातात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात जॉकीज रिज नावाच्या वाळूच्या टेकड्यांवर अशी शाळा १९७४ पासून आहे. राइट बंधूंनी १९०३ मध्ये विमान उडवलं ते ठिकाणही तिथून जवळच. आंतरराष्ट्रीय पातळीवर या शिक्षणाचे पाच टप्पे धरतात, आणि पहिला टप्पा म्हणजे हेच जमिनीलगतचं सरपटणं. डोंगरावरून एकटीने सुटायला चांगल्या हवेचे बरेच दिवस लागतात, आणि ते सलग मिळत नाहीत. तुमच्या गुडघ्याला तो चढ झेपेल असं मला वाटत नाही. त्यामुळे एरोटोने शिकवणारी शाळा शोधणं जास्त शहाणपणाचं. पण ते या सहलीनंतर. आधी एकदा जाऊन या.

राहिले तुमचे यजमान. त्यांना टेक-ऑफच्या जागी आणू नका. तिथे त्यांचा चेहरा बघून तुमचे पाय जड होतील. त्यांना खाली लँडिंगच्या मैदानावर पाठवा, पाण्याची बाटली आणि तुमचं जास्तीचं जाकीट देऊन. मात्र एक बजावून ठेवा: तुम्ही टेकल्याबरोबर मैदानात धावत यायचं नाही. मागून दुसरा ग्लायडर उतरत असतो, आणि त्याला ब्रेक नसतो.